ग्रॅम-ऋण गोलाणू : ओळख, आजार आणि आपण काय करायचं



नववीला सूक्ष्मजीवांचा पाठ शिकवताना फळ्यावर 'ग्रॅम-ऋण जीवाणू' असं लिहिलं की वर्गातून एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो. "बाई, ऋण ग्रॅम म्हणजे उणे वजन का? इतका हलका असतो का तो?" वर्ग हसतो. मीही हसते, आणि मग सांगते की हा ग्रॅम तराजूतला नाही, हे एका माणसाचं आडनाव आहे.

बरीच वर्षं मी हे शब्द फक्त परीक्षेपुरते शिकवत होते. ग्रॅम-धन जांभळा, ग्रॅम-ऋण गुलाबी, गोलाणू गोल, दंडाणू काडीसारखा. दोन गुणांचा प्रश्न, विषय संपला. मग एका पावसाळ्यात आमच्या शाळेतल्या आठवीच्या एका मुलाच्या रिपोर्टवर हेच शब्द छापून आले. त्याच्या आईवडिलांना विचारून, त्याचं नाव न देता, ते सांगते. कारण त्या दिवशी चूक माझी झाली होती.

दुसऱ्या तासाला तो म्हणाला, "बाई, अंग गरम आहे आणि पाय खूप दुखतायत." आदल्या दिवशी कबड्डीचे सामने झाले होते. मला वाटलं, त्यानेच पाय दुखत असतील. हात धरून बघितला तर ताप असूनही हात गार होते. थंडी वाजत असेल, असं समजून मी त्याला तापाची गोळी दिली आणि स्टाफरूममध्ये बाकावर झोपवलं. घरी फोन केला तो मधल्या सुट्टीत. वडील कामावरून येईपर्यंत तीन वाजले. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, रात्री तो बरळायला लागला आणि पोटावर जांभळे ठिपके दिसले. तेव्हा त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. पाठीतून पाणी काढून तपासलं. रिपोर्टवर लिहिलं होतं : 'ग्रॅम निगेटिव्ह डिप्लोकोकाय'. म्हणजे मी फळ्यावर लिहिते तेच, ग्रॅम-ऋण द्विगोलाणू.

मुलगा वाचला. एका कानाने मात्र त्याला आता ऐकू येत नाही. डॉक्टरांनी मला दोष दिला नाही. एवढंच म्हणाले, "या आजारात तास मोजायचे असतात, बाई." त्यानंतर मी हा पाठ नीट वाचला, डॉक्टरांना विचारलं, पुस्तकं चाळली. जे समजलं ते तुमच्यासाठी इथे मांडते आहे.

'ग्रॅम' हे नाव कुठून आलं?

हान्स ख्रिश्चन ग्रॅम हे डेन्मार्कचे डॉक्टर. १८८४ साली ते बर्लिनमध्ये न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुफ्फुसाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. अडचण अशी की फुफ्फुसाच्या पेशी आणि जंतू एकाच रंगाचे दिसत, त्यामुळे जंतू ओळखू येईनात. ग्रॅम यांनी आधी जांभळा रंग दिला, त्यावर आयोडीन घातलं आणि मग अल्कोहोलने धुतलं. पेशींचा रंग निघून गेला, पण काही जंतू जांभळेच राहिले. काही जंतूंचा रंग मात्र धुऊन गेला. या दुसऱ्या गटाला पुढे ग्रॅम-ऋण म्हणू लागले. रंग गेलेले जंतू दिसावेत म्हणून शेवटी सॅफ्रॅनिनसारखा गुलाबी-लाल रंग देण्याची पायरी नंतर इतरांनी जोडली.

आजही कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये हीच चार पावलं असतात : जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोलने धुणं, गुलाबी रंग. सगळं काम पाच-दहा मिनिटांचं. जंतू वाढवून बघायचे तर एक-दोन दिवस लागतात. म्हणून दीडशे वर्षांच्या जवळ आलेली ही जुनी पद्धत अजून टिकून आहे. ती डॉक्टरांना पहिला धागा लगेच हातात देते.

रंग का धुऊन जातो?

इथे मुलांना एक गोष्ट पक्की समजावून द्यावी. रंग हा जंतूचा कपडा नाही, तो जंतूच्या भिंतीची बातमी आहे.

ग्रॅम-धन जीवाणूची भिंत जाड असते. पेप्टिडोग्लायकन नावाच्या पदार्थाचे थरावर थर. त्यात जांभळा रंग आणि आयोडीन यांचा मोठा कण अडकून बसतो, अल्कोहोलने सहज निघत नाही. ग्रॅम-ऋण जीवाणूत हा थर अगदी पातळ असतो, पण त्याच्या बाहेर आणखी एक पडदा असतो, चरबीसारख्या पदार्थांचा. अल्कोहोल हा बाहेरचा पडदा विरघळवतं आणि रंग वाहून जातो.

वर्गात दाखवायचं तर जुन्या गोधडीचा तुकडा आणि मलमलचा तुकडा घ्या. दोन्ही निळ्या शाईच्या पाण्यात बुडवा, मग नळाखाली एकाच वेळी धरा. मलमल लवकर स्वच्छ होते, गोधडीच्या आतल्या थरांत शाई बसून राहते. हा फक्त दाखला आहे, तंतोतंत प्रतिकृती नाही, हेही मुलांना सांगा. पण एकदा बघितलं की मुलं विसरत नाहीत.

आता महत्त्वाचा मुद्दा. तो बाहेरचा पडदा नुसता पडदा नाही. त्याच्यात एक विष असतं, त्याला अंतर्विष म्हणतात. जंतू मरताना किंवा वाढताना या पडद्याचे बारीक फुगे सुटून रक्तात मिसळतात. आपलं शरीर त्यांना बघून इतकं खवळतं की रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब कोसळतो, बारीक नसांमध्ये गुठळ्या होतात. त्वचेखाली रक्त झिरपलं की जांभळे ठिपके दिसतात. आमच्या विद्यार्थ्याच्या पोटावर आलेले ठिपके हेच होते.

या घराण्यात कोण कोण?

ग्रॅम-ऋण जीवाणूंमध्ये काडीसारखे पुष्कळ आहेत. टायफॉइडचा, कॉलऱ्याचा, ई. कोलाय हे सगळे तिकडचे. गोल आकाराचे मात्र थोडेच. वैद्यकीय दृष्टीने चार नावं लक्षात ठेवली तरी पुरे :

१. नायसेरिया मेनिन्जायटिडिस, म्हणजे मेनिन्गोकॉकस. मेंदूच्या आवरणाचा दाह आणि रक्तातला जंतुसंसर्ग.
२. नायसेरिया गोनोऱ्हिया, म्हणजे गोनोकॉकस. परमा, ज्याला आता सर्रास गनोरिया म्हणतात, आणि नवजात बाळाच्या डोळ्यांचा संसर्ग.
३. मोरॅक्सेला कॅटऱ्हॅलिस. लहान मुलांचा कान फुटणं, सायनस, वयस्कर माणसांत दम्यासारखा त्रास वाढणं.
४. व्हेलोनेला. आपल्या तोंडात आणि आतड्यात राहणारा, सहसा निरुपद्रवी.

पहिले दोघे सख्खे भाऊ. दोघेही जोडीने राहतात म्हणून द्विगोलाणू. पण ते पूर्ण गोल नसतात. राजम्याचे दोन दाणे घ्या, त्यांच्या खोलगट बाजू समोरासमोर ठेवा. सूक्ष्मदर्शकाखाली साधारण तसंच दिसतं. प्रत्येक दाणा साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बऱ्याचदा ते पू-पेशींच्या पोटात दिसतात, कारण या पेशींनी त्यांना गिळलेलं असतं.

दिसायला सारख्या असलेल्या या भावांना लॅबमध्ये वेगळं कसं करतात? साखर खायला घालून. गोनोकॉकस फक्त ग्लुकोज वापरतो. मेनिन्गोकॉकस ग्लुकोजही वापरतो आणि माल्टोजही. मुलांना सांगा : 'गो'मध्ये ग, म्हणून ग्लुकोज, 'मे'मध्ये म, म्हणून माल्टोजसुद्धा. बारावीनंतर मेडिकल किंवा लॅब टेक्निशियनच्या अभ्यासाला जाणाऱ्या मुलांना ही खूण उपयोगी पडते.

मेनिन्गोकॉकस : नाकात पाहुणा, रक्तात शत्रू

१८८७ साली व्हिएन्नामध्ये अँटोन वाइक्सेलबाउम यांनी मेंदूज्वराच्या रुग्णांच्या मणक्यातल्या पाण्यात हा जंतू पहिल्यांदा दाखवला.

विशेष म्हणजे हा जंतू फक्त माणसातच राहतो. साधारण दहा टक्के निरोगी लोकांच्या नाकाघशात तो कधीही सापडू शकतो, आणि किशोरवयीन मुलांमध्ये हे प्रमाण जास्त असतं. बहुतेकांना काहीही होत नाही. खोकला, शिंक, चुंबन, बराच वेळ जवळ राहणं यांतून तो पसरतो. एखाद्याच्याच बाबतीत तो घशाच्या अस्तरातून रक्तात शिरतो. त्याच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचं एक कवच असतं, त्यामुळे रक्तातल्या पहारेकरी पेशींना तो चटकन गिळता येत नाही. ज्यांची प्लीहा काढलेली आहे किंवा ज्यांच्या प्रतिकारशक्तीत जन्मजात उणीव आहे त्यांना धोका जास्त असतो. पण अगदी धडधाकट मुलालाही हा आजार होऊ शकतो.

कवचावरून त्याचे १२ गट केले आहेत; त्यातले ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स आणि वाय हे सहा जास्त करून आजार करतात. संसर्गानंतर लक्षणं दिसायला एक ते दहा दिवस, बहुधा तीन-चार दिवस लागतात. पण एकदा सुरुवात झाली की आजार दिवसांत नाही, तासांत वाढतो. योग्य उपचार मिळूनही शंभरातले दहा ते पंधरा रुग्ण दगावतात. वाचलेल्यांपैकी जवळजवळ पाचातल्या एकाला बहिरेपणा, मेंदूची इजा, हातपाय गमावणं अशी कायमची खूण राहू शकते.

कोणत्या लक्षणांनी सावध व्हायचं?

आपल्याकडे म्हणतात, "ताप डोक्यात गेला." असं म्हणण्यात एक धोका आहे. त्यातून असं वाटतं की आधी साधा ताप येतो, तो अंगावर काढला की मग डोक्यात जातो, म्हणजे हाताशी वेळ असतो. मेनिन्गोकॉकसच्या बाबतीत ताप येतो तेव्हाच जंतू रक्तात असतो.

पाठ्यपुस्तकात तीन लक्षणं दिलेली असतात : मान आखडणं, उजेड सहन न होणं, जांभळे ठिपके. ती खरी आहेत, पण उशिराची आहेत. ब्रिटनमधल्या मुलांवर झालेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की ही ओळखीची लक्षणं सरासरीने १३ ते २२ तासांनी येतात. त्याच्या बऱ्याच आधी, साधारण आठव्या तासाला, तीन गोष्टी दिसतात :

- पाय दुखणं, इतके की मूल उभं राहायला किंवा चालायला नको म्हणतं
- अंगात ताप असूनही हातपाय गार पडणं
- चेहऱ्याचा रंग उतरणं, त्वचा निस्तेज किंवा चट्टेदार दिसणं

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. "बाई, पाय खूप दुखतायत." आणि माझ्या हातात त्याचा गार हात.

अर्थात, ताप आणि पाय दुखणं हे साध्या फ्लूमध्येही होतं, डेंग्यू-चिकुनगुनियात तर होतंच. प्रत्येक तापाला घाबरून चालणार नाही. पण ताप, पायदुखी आणि गार हातपाय हे तिन्ही एकत्र दिसले, किंवा मूल सुस्त होत चाललं, नीट उत्तर देईना, उलट्या थांबेनात, तर घरचे संध्याकाळी येतील म्हणून वाट बघायची नाही. तान्ह्या बाळात मान आखडलेली कळत नाही. ते दूध ओढत नाही, उचललं की जास्त रडतं किंवा किरकिर करत मलूल पडून राहतं, टाळू फुगलेली दिसते.

ठिपक्यांची घरगुती तपासणीही शिकून घ्या. काचेचा पारदर्शक पेला ठिपक्यावर दाबून आरपार बघा. साधं पुरळ दाबल्यावर फिकं पडतं. रक्त झिरपून आलेला ठिपका दाबूनही तसाच राहतो. सावळ्या त्वचेवर ठिपके पटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय, पापण्यांची आतली बाजू आणि टाळा बघावा. डेंग्यूतही असे ठिपके येऊ शकतात. दोन्ही बाबतीत मार्ग एकच, थेट मोठा दवाखाना. आणि ठिपके नाहीत म्हणून निर्धास्तही राहू नका. आजार असूनही कित्येकांना ते उशिरा येतात, काहींना येतच नाहीत.

दवाखान्यात संशय आला की डॉक्टर सेफ्ट्रिआक्झोनसारखं प्रतिजैविक शिरेतून लगेच सुरू करतात, तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबत नाहीत. "पाठीतून पाणी काढलं की माणूस अधू होतो" असं गावाकडे अजून ऐकू येतं. असं होत नाही. सुई जिथे टोचतात तिथे मज्जारज्जू संपलेला असतो. या भीतीने पालक सही द्यायला वेळ लावतात आणि तेवढे तास हातचे जातात.

शाळेत एक रुग्ण निघाला तर?

आमच्याकडे दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग रिकामा होता. पालकांच्या ग्रुपवर 'शाळेत मेंदूज्वराची साथ' असा मेसेज फिरत होता. तेव्हा काय सांगायचं हे मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे, ते असं :

एकाच बाकावर बसल्याने किंवा त्याच मैदानावर खेळल्याने प्रत्येकाला धोका नसतो. हा जंतू शरीराबाहेर फार टिकत नाही, त्यामुळे वह्या-पुस्तकं, बाकं जाळायची किंवा शाळा बंद ठेवायची गरज नसते. धोका जास्त असतो तो एका घरात राहणाऱ्यांना, एका खोलीत झोपणाऱ्या वसतिगृहातल्या मुलांना, आणि ज्यांचा रुग्णाच्या थुंकीशी थेट संबंध आला त्यांना. त्यांना प्रतिबंधक औषध देतात : रिफाम्पिसिन, सिप्रोफ्लोक्सासिन किंवा सेफ्ट्रिआक्झोन. ते शक्यतो २४ तासांच्या आत मिळावं लागतं. कोणाला द्यायचं हे आरोग्य विभागाचे डॉक्टर ठरवतात. म्हणून मुख्याध्यापकांनी सगळ्यात आधी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावं, ग्रुपवर मेसेज त्यानंतर. मेडिकलच्या दुकानातून स्वतः गोळ्या आणून सगळ्या वर्गाला वाटणं हा उपाय नाही.

लस आणि पुण्याची एक गोष्ट

जगात या आजाराचं सगळ्यात मोठं ओझं आफ्रिकेने वाहिलं आहे. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या पट्ट्याला 'मेनिंजायटिस पट्टा' म्हणतात. आज त्यात २६ देश धरले जातात. डिसेंबर ते जून या कोरड्या, धुळीच्या महिन्यांत तिथे साथी येत. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून जास्त लोक आजारी पडले आणि २५ हजारांहून जास्त दगावले. त्यामागे मुख्यतः 'ए' गटाचा मेनिन्गोकॉकस होता.

या गटावर परवडणारी लस हवी होती, अर्ध्या डॉलरच्या आतली. जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेच्या प्रकल्पात ती बनवण्याचं काम पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने घेतलं. जंतूच्या कवचातली साखर एकटी टोचली तर दोन वर्षांखालच्या बाळांचं शरीर तिला नीट ओळखत नाही. म्हणून ती साखर धनुर्वाताच्या लशीतल्या प्रथिनाला जोडली. 'मेनआफ्रिव्हॅक' ही लस डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोमध्ये मोठ्या प्रमाणावर द्यायला सुरुवात झाली. पुढे ३० कोटींहून जास्त लोकांना ती मिळाली. २०१७ नंतर त्या पट्ट्यात 'ए' गटाचा रुग्ण नोंदला गेलेला नाही. इतर गटांच्या साथी मात्र येत राहिल्या, म्हणून पुण्यातच ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स अशा पाच गटांवरची लस तयार झाली. २०२४ मध्ये नायजेरियाने ती सगळ्यात आधी वापरली. 'विज्ञानाचा आपल्याला काय उपयोग' असं विचारणाऱ्या मुलांना मी हे उदाहरण देते.

भारतात हा आजार तुरळक असतो. पण १९८५ आणि २००५ मध्ये दिल्लीत आणि २००८-०९ मध्ये मेघालय, त्रिपुरा भागात साथी आल्या होत्या. मेनिन्गोकॉकसची लस आपल्या नेहमीच्या सरकारी लसीकरणात नाही. प्लीहा काढलेल्या मुलांना, वसतिगृहात राहायला परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना, आणि साथीच्या भागात जाणाऱ्यांना डॉक्टर ती सुचवतात. हज यात्रेकरूंना तर ती घ्यावीच लागते. १९८७ आणि २००० साली यात्रेनंतर साथी पसरल्या होत्या. पालकांनी एक मात्र नक्की बघावं : मुलांमध्ये मेंदूज्वर करणारे दुसरे दोन मोठे जंतू म्हणजे हिब आणि न्यूमोकॉकस. त्यांच्यावरच्या लशी सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. लसीकरण कार्डावर पेंटाव्हॅलंट आणि पीसीव्ही यांचे सगळे रकाने भरलेत का, आजच तपासा.

गोनोकॉकस : ज्याबद्दल आपण बोलत नाही

१८७९ साली अवघ्या २४ वर्षांच्या अल्बर्ट नायसर यांनी हा जंतू शोधला. त्यांच्याच नावावरून घराण्याचं नाव नायसेरिया पडलं. हा लैंगिक संबंधातून पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात ८ कोटींहून जास्त प्रौढांना त्याचा नवा संसर्ग झाला. पुरुषांना लघवीला जळजळ होते, पू येतो, म्हणून ते निदान डॉक्टरांकडे जातात. स्त्रियांना बहुतेक वेळा काहीच लक्षण नसतं. आजार आतल्या आत गर्भनलिकेपर्यंत जातो आणि पुढे मूल न होण्याचं कारण ठरतो. मग दोष मात्र तिच्यावरच येतो. दहावी-बारावीच्या मुलामुलींशी प्रजनन आरोग्याबद्दल बोलताना हे सांगायला लाजू नये.

आईला हा संसर्ग असेल तर जन्माच्या वेळी तो बाळाच्या डोळ्यांत जातो. दोन ते पाच दिवसांत पापण्या सुजतात, घट्ट पिवळा पू येतो, आणि उपचार झाले नाहीत तर बुबुळाला भोक पडून कायमचं अंधत्व येतं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या अंधशाळांमध्ये अशी पुष्कळ मुलं असत. लाइपझिगचे डॉक्टर कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास प्रत्येक नवजात बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला सुरुवात केली. त्यांच्या प्रसूतिगृहात शंभरातल्या दहा-एक बाळांना होणारा हा आजार एका टक्क्याच्याही खाली आला. आता त्याऐवजी प्रतिजैविकं वापरतात. म्हणून नवजात बाळाचे डोळे चिकटले, पू आला, तर काजळ, मध, अंगावरचं दूध असलं काही न घालता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

शिक्षकांसाठी एक गंभीर गोष्ट. नवजात वयानंतर, लहान मुलात हा आजार निघाला तर लैंगिक अत्याचाराची शक्यता तपासावीच लागते. अशी माहिती कळली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार ती पोलिसांना कळवणं प्रत्येकाचं कर्तव्य आहे. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८. मुलाची उलटतपासणी आपण घ्यायची नाही. त्याचं शांतपणे ऐकून घ्यायचं.

औषधांचं म्हणाल तर गोनोकॉकस फार चिवट निघाला. पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लोक्सासिन ही एकामागून एक औषधं त्याच्यापुढे निकामी झाली. आता मुख्य भिस्त सेफ्ट्रिआक्झोनवर आहे. मात्र भाऊबंदकी इथे कामाला आली. न्यूझीलंडमध्ये मेनिन्गोकॉकसच्या 'बी' गटावरची लस घेतलेल्या तरुणांमध्ये गनोरियाचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने कमी दिसलं. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. दोघा भावांचे पडदे सारखे असल्याचा हा परिणाम.

उरलेले दोघे

मोरॅक्सेला बालवाडीच्या बाईंना न ओळखता भेटलेला असतो. सर्दीनंतर चार-पाच दिवसांनी मूल रात्री कान धरून रडतं, त्यामागे जे तीन मुख्य जंतू असतात त्यातला हा एक. याच्या बहुतेक जाती साधं पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन तोडणारं विकर बनवतात. मागच्या वेळचं उरलेलं औषध घरच्या घरी दिलं तर गुण येत नाही, त्याचं एक कारण हे. कानात गरम तेल घालू नका. पडदा फाटलेला असेल तर त्रास वाढतो.

व्हेलोनेला ऑक्सिजनशिवाय जगतो. दातांवरचे दुसरे जंतू साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवतात, आणि हा ते आम्ल खातो. सगळे ग्रॅम-ऋण गोलाणू वाईट नसतात, हे मुलांना सांगायला हे उदाहरण बरं पडतं.

शेवटी

आता हा पाठ शिकवताना मी गोधडी आणि मलमल घेऊन जाते, राजम्याचे दाणे नेते. दोन गुणांचा प्रश्न अजून तसाच आहे आणि मुलं तो सोडवतात. पण तास संपायच्या आधी मी काचेचा पेला काढते आणि तो कसा दाबायचा हे प्रत्येकाला करून बघायला लावते. घरी आईला, आजीला शिकवा म्हणून सांगते.

स्टाफरूमच्या भिंतीवर आम्ही एक कागद चिकटवला आहे. त्यावर तीन ओळी आहेत : ताप असून हातपाय गार? पाय दुखतायत म्हणतोय? मूल सुस्त होतंय? आणि खाली पालकांचे फोन नंबर, १०८ रुग्णवाहिका, प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर. तुमच्याही शाळेत तो कागद लावा. आमचा तो विद्यार्थी आता दहावीत आहे. पहिल्या बाकावर, डावीकडे बसतो, म्हणजे उजव्या कानाने त्याला मी शिकवलेलं ऐकू येतं.